दहा वॅटचा डबा : कमी खर्चात, कमी विजेत घरचा सर्व्हर

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती, बाबांनी खिळ्यानं कोरलेली रेघ. त्या रेघेच्या वर ठेवलं ते वाचलं, असा घरचा हिशेब. अल्बम, लग्न-मुंजींच्या सीड्या, जुन्या कॉम्प्युटरची काढून ठेवलेली हार्डडिस्क, सगळं रेघेच्या हातभर वर फडताळात रचलेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. रेघ, फडताळ, सगळं पाण्यात. पाणी ओसरल्यावर अल्बम उघडला, तर फोटो एकमेकांना असे चिकटलेले की एक सोडवताना दुसऱ्यावरचा आजीचा चेहरा कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघून आला.

घरी सर्व्हर करायचं डोक्यात आलं ते तिथून. सर्व्हर म्हणजे काही काचेच्या खोलीतलं प्रकरण नाही. चोवीस तास चालू राहणारा, घरातल्या बाकीच्या मोबाईल-लॅपटॉपना सेवा देणारा एक छोटा कॉम्प्युटर, एवढंच. आमच्याकडे तो फोटो सांभाळतो, कागदपत्रं ठेवतो आणि संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा लावतो. आई त्याला ‘डबा’ म्हणते, तेव्हा इथेही डबाच म्हणतो.

एक आधीच सांगतो. डबा विकत घेणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. लोक त्यातच महिनाभर घालवतात, आणि वीज गेल्यावर काय, पाणी आल्यावर काय, हा विचार राहून जातो.

आधी मीटरसमोर उभं राहा

माझा पहिला सर्व्हर म्हणजे घरात पडून असलेला जुना डेस्कटॉप होता. फुकटात झाला म्हणून खूष होतो. दुसऱ्या महिन्याचं बिल हातात घेऊन आई म्हणाली, "हे तुझं रात्रंदिवस घुंघुं करणारं काय आहे, त्याचे पैसे तू देणार का मी?"

किती वॅट खातो ते मोजायला प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर मिळतो. पण तो नसला तरी घराबाहेरचा मीटर आहेच. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो, आणि शेजारी बारीक अक्षरात एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे. रात्री दहा मिनिटं फ्रिज, राउटर, पंखे, झाडून सगळं बंद केलं, फक्त सर्व्हर चालू ठेवला आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन मीटरपुढे उभा राहिलो. दोन लुकलुकींत १९ सेकंद. ३२०० च्या मीटरला ११२५ भागिले सेकंद म्हणजे वॅट. ११२५ भागिले १९, साधारण ५९ वॅट. (मीटर १६०० चा असेल तर ११२५ च्या जागी २२५० घ्या.) सध्याच्या डब्याला हाच प्रयोग केला तर दुसऱ्या लुकलुकीची वाट पाहत पावणेदोन-दोन मिनिटं उभं राहावं लागतं. मच्छर चावतात, पण बरं वाटतं.

आता पैशांत बघू. चोवीस तास चालणारा एक वॅट वर्षाला ८.७६ युनिट खातो. म्हणजे ६० वॅटचा डेस्कटॉप महिन्याला जवळपास ४४ युनिट आणि १० वॅटचा डबा ७.३ युनिट. हिशेबाला युनिटचे १० रुपये धरले तर वर्षाला एक ५,२५६ रुपये, दुसरा ८७६. फरक ४,३८०. दोन-सव्वादोन वर्षांत नव्या यंत्राची किंमत निघते, मग ‘फुकट’ डेस्कटॉप कसला फुकट?

इथे एक मेख आहे. बिलातले दर टप्प्याटप्प्यानं चढतात. १०० युनिटपर्यंत स्वस्त, पुढे एकदम महाग. सर्व्हरचे युनिट नेहमी तुमच्या वरच्या टप्प्यात पडतात, कारण ते आधीच्या वापराच्या डोक्यावर येऊन बसतात. म्हणून हिशेब बिलाच्या सरासरी दरानं करू नका. शेवटच्या युनिटला तुम्हाला काय पडतं, त्या दरानं करा.

कोणता डबा

जुना लॅपटॉप घरात असेल तर आधी त्यावरच करून बघा. स्क्रीन बंद असताना तो साधारण १० ते १५ वॅट खातो आणि बॅटरी म्हणजे आयता यूपीएस, वीज गेली तरी यंत्र चालू ठेवणारा. अडचण बॅटरीचीच. वर्षानुवर्षं १०० टक्के चार्जवर राहिली की ती फुगते. बायॉसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडता येणारी मूळ सेटिंग) किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती लावा. झाकण किंवा टचपॅड वर उचललं गेल्यासारखं दिसलं तर बॅटरी त्याच दिवशी काढायची.

रास्पबेरी पाय, म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा अख्खा कॉम्प्युटर, विजेला सगळ्यात हलका, नुसता बसून असताना ३-४ वॅट. पण बोर्डाची किंमत ऐकून भुलू नका. चांगला अ‍ॅडॉप्टर, पेटी, पंखा, डिस्क जोडायचं साहित्य असं करत करत जुन्या मिनी पीसीच्या किमतीला पोचतो. शिवाय मेमरी कार्डावरून चोवीस तास चालवला तर सतत लिहून लिहून कार्ड कधीतरी मान टाकतं. ज्यांना सेन्सर, रिले असले उद्योग करायचेत त्यांनी पाय घ्यावा. फोटोंसाठी मी घेणार नाही.

इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचे नवे मिनी पीसी २०२३ पासून मिळतात. पूर्ण डबा निवांत असताना ६ ते १० वॅटमध्ये चालतो. नवं कोरं, वॉरंटीवालं हवं असेल तर हेच. मात्र जाहिरातीतला ६ वॅट हा नुसत्या प्रोसेसरचा आकडा आहे, अख्ख्या डब्याचा नाही.

मी घेतला तो ऑफिसमधून निघालेला, जुना मिनी पीसी. लेनोवोचा टायनी, डेलचा मायक्रो आणि एचपीचा मिनी हे तिन्ही जाडजूड शब्दकोशाएवढे आणि एकाच ताकदीचे. ते स्वस्त का झाले त्याला कारण आहे. विंडोज ११ ला इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर लागतात, आणि विंडोज १० ची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रं ऑफिसांनी काढून टाकली. आपल्याला विंडोज चालवायचंच नाही, तेव्हा त्यांचं भंगार ते आपलं सोनं. प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘टी’ असलेला घ्या, उदाहरणार्थ आय५-६५००टी किंवा ७५००टी. त्याची मर्यादा ३५ वॅट असली तरी निवांत असताना पूर्ण डबा ८ ते १२ वॅटवर येतो, आणि घरचा सर्व्हर दिवसातले बावीस-तेवीस तास निवांतच असतो. सहाव्या आणि सातव्या पिढीत पाच-सातशेचाच फरक असेल तर सातवी उचला. मोबाईलचे नि सिनेमांचे नव्या धाटणीचे व्हिडिओ, म्हणजे दहा बिटांचे एचईव्हीसी, ती ग्राफिक्सच्या भागातच सोडवते, प्रोसेसरला घाम फुटत नाही.

दुकानात उभं राहून करायच्या गोष्टी. यंत्र चालू करवून बायॉसमध्ये शिरा. लेनोवोला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. तिथं पासवर्ड मागितला तर यंत्र जागच्या जागी परत द्या. ऑफिसवाल्यांनी टाकलेला तो पासवर्ड घरी बसून निघत नाही. अ‍ॅडॉप्टर मूळ कंपनीचाच आहे ना, ते बघा. काही यंत्रं ओळख न पटलेल्या अ‍ॅडॉप्टरवर चालू होतात खरी, पण वेग मुद्दाम खाली ठेवतात, आणि मग आपण प्रोसेसरला शिव्या देत बसतो. एसएसडी (आतली चिपवाली डिस्क) किती तास चालली ते डिस्कच्या तब्येतीच्या, म्हणजे ‘स्मार्ट’ अहवालात दिसतं, तो दाखवायला सांगा. पंख्याला कान लावा. घरी आणल्यावर पहिली रात्र मेमटेस्ट (रॅम तपासणारं साधन) चालू ठेवून झोपा. रॅम खराब असेल तर ती फोटो हळूहळू आणि गुपचूप बिघडवते, हे सगळ्यात वाईट.

माझा खर्च असा झाला : डबा (८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडीसह) ९,२००, जादा ८ जीबी जुनी रॅम १,४००, दोन टीबीची बाहेरची डिस्क ५,८००, ६०० व्हीएचा यूपीएस २,६००, केबल आणि एक कन्व्हर्टर ५००. एकूण १९,५००. रॅम आणि डिस्कचे भाव सारखे हलतात, तेव्हा हे आकडे अंदाजाला धरा. कन्व्हर्टरचं विसरू नका. ऑफिसच्या डब्यांना बऱ्याचदा डिस्प्लेपोर्टच असतो आणि घरच्या टीव्हीला एचडीएमआय. रविवारी संध्याकाळी हे लक्षात येतं तेव्हा दुकानं बंद असतात.

जागा आणि वीज

पत्र्याखालच्या माळ्यावर डबा ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये सांगलीत बाहेर चाळीसच्या आसपास असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त. बंद कपाटातही नको. आमचा राउटरशेजारी, उघड्या फळीवर, भिंतीपासून चार बोटं सोडून उभा आहे. मागची जाळी दर दोन-तीन महिन्यांनी ब्रशनं झटकायची. आमच्याकडे यूपीएसच्या उबेला पाल येऊन राहिली होती, तेव्हापासून मागच्या भोकांवर बारीक जाळी लावली आहे. हवा खेळती राहील एवढी विरळ.

डब्याच्या लोखंडी अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एकच, घराला अर्थिंग नाही किंवा कधीतरी तुटलंय. जुन्या वाड्यांत तिसऱ्या भोकात नुसती हवा असते. वायरमन बोलावून आधी ते करून घ्या. अर्थिंगशिवाय स्पाइक गार्ड म्हणजे महागडी एक्स्टेन्शन बोर्ड.

आता वीज जाण्याचं. वळवाच्या दिवसांत आमच्याकडे संध्याकाळी दोन-तीन झटके ठरलेले. घरात इन्व्हर्टर असेल तर वेगळा यूपीएस घेण्याआधी इन्व्हर्टरच्या मागचा खटका बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना साधा मोड आणि यूपीएस मोड असे दोन असतात. साध्या मोडमध्ये बदल व्हायला इतका वेळ लागतो की पंखा अडखळत नाही पण कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. यूपीएस मोडवर टाकलं की काम भागतं. डबा आणि राउटर मिळून वीसेक वॅट, मोठ्या बॅटरीला ते कळतही नाहीत. आमच्याकडे इन्व्हर्टर नव्हता म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. प्रत्यक्षात पाऊण ते एक तास मिळतो, कारण यूपीएस स्वतःही खातो. तो लाईट असतानाही थोडे वॅट खातच असतो, ते मोजणीत धरा.

बायॉसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं ते ठरवणारा एक पर्याय असतो, बहुधा ‘आफ्टर पॉवर लॉस’ अशा नावाचा. तो ‘पॉवर ऑन’वर ठेवा. नाहीतर तुम्ही पुण्यात, लाईट येऊन दोन दिवस झालेत आणि डबा झोपलेला.

मला चकवलं ते पुढच्या पायरीनं. स्वस्त यूपीएसला यूएसबी नसते, त्यामुळे लाईट गेल्याचं डब्याला कळत नाही, आणि बॅटरी संपली की तो धाडकन बंद पडतो. म्हणून जुगाड केला. एक स्मार्ट प्लग यूपीएसवर न घेता थेट भिंतीत लावला. डबा दर मिनिटाला त्याला हाक मारतो. सलग दहा मिनिटं ओ आली नाही म्हणजे लाईट गेली, आणि मग तो स्वतःला नीट बंद करतो. झकास! पण अर्ध्या तासात लाईट आली तर? यूपीएसची बॅटरी संपलेलीच नसते, म्हणजे डब्याच्या दृष्टीनं वीज गेलीच नव्हती, आणि ‘आफ्टर पॉवर लॉस’ जागा होत नाही. राउटरमध्ये वेक-ऑन-लॅन, म्हणजे केबलवरून यंत्र जागं करायची सोय, असेल तर तिथून उठवता येतो. आमच्याकडे आई जाता-येता बटण दाबते. तेही चालतं.

डेबियन बसवायचं

विंडोजच्या जागी मी डेबियन वापरतो, लिनक्सचा एक प्रकार, कारण ते कंटाळवाणं आहे. सर्व्हर कंटाळवाणाच असावा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर डेबियनची छोटी इन्स्टॉल फाईल उतरवून रूफस किंवा एचरनं पेनड्राइव्हवर लिहा. एकदाच टीव्ही आणि कीबोर्ड जोडून त्यावरून सुरू करा. कुठलं सॉफ्टवेअर हवं, असं विचारेल त्या पडद्यावर डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढा. फक्त ‘एसएसएच सर्व्हर’ आणि ‘स्टँडर्ड’ साधनं ठेवा. यानंतर टीव्ही-कीबोर्डची गरज नाही, दुसऱ्या खोलीतल्या लॅपटॉपवरून एसएसएचनं आत शिरायचं.

वायफाय नको, केबल लावा. राउटरची पोर्ट गिगाबिट आहे का ते बघा. जुन्या राउटरची १०० एमबीपीएसची पोर्ट सेकंदाला ११-१२ एमबीच देते. राउटरच्या सेटिंगमध्ये डब्याचा पत्ता कायमचा बांधून टाका, म्हणजे रोज नवा आयपी शोधत फिरायला नको. मग दोन कामं लगेच. एसएसएच पासवर्डऐवजी किल्लीनं, म्हणजे लॅपटॉपवर ठेवलेल्या गुप्त फाईलनं, करा आणि सुरक्षेची अपडेट्स आपोआप बसतील असं ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ लावा.

बाहेरची डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीनं फॉरमॅट करा. ती कायमची जोडण्यासाठी एफएसटॅब नावाच्या फाईलमध्ये एक ओळ लिहायची असते. त्या ओळीत डिस्कचं नाव नको, तिचा यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळखक्रमांक, लिहा, कारण नावं यूएसबीची पोर्ट बदलली की बदलतात. आणि ‘नोफेल’ हा शब्द घाला. मी घातला नव्हता. दिवाळीच्या झाडलोटीत डिस्कची केबल निसटली, त्याच संध्याकाळी लाईट गेली आणि नंतर डबा काही केल्या सापडेना. पिंग नाही, एसएसएच नाही. मदरबोर्डच गेला असं धरून मी दुसऱ्या डब्याच्या किमती बघायला लागलो होतो. शेवटी टीव्ही जोडला तर तो ‘इमर्जन्सी मोड’मध्ये पासवर्ड मागत बसलेला. दीड मिनिट डिस्कची वाट बघितली, ती आली नाही, म्हणून पुढे जायला नकार. ‘नोफेल’ असतं तर डिस्कशिवाय उठला असता आणि मला एसएसएचनं कळलं असतं.

सेवा : एका वेळी एक

इंटरनेटवर लोकांचे तीस-तीस सेवांचे फलक दिसतात. त्या नादाला लागू नका. घरच्यांना खरंच लागणारी एक सेवा आधी पक्की करा. आमच्याकडे ती फोटोंची होती, म्हणून इमिच, घरच्या सर्व्हरवर चालणारं गूगल फोटोजसारखं सॉफ्टवेअर.

डॉकर (सेवा आयत्या पेटीत बसवून चालवणारं साधन) आणि त्याचं कंपोज बसवा, इमिचच्या अधिकृत पानावरच्या दोन फाईली घ्या, त्यात फोटोंची जागा आणि डेटाबेसचा पासवर्ड बदला, आणि सुरू करा. फोटो मोठ्या डिस्कवर चालतील, पण डेटाबेस डब्यातल्या एसएसडीवरच ठेवा, नाहीतर स्क्रोल करताना बैलगाडीत बसल्यासारखं वाटेल. रॅम ८ जीबीत जेमतेम भागतं, १६ असली की निवांत. पहिल्यांदा सगळे फोटो टाकले की चेहरे ओळखण्याचं काम दोन-तीन दिवस चालतं. तेव्हा पंखा ओरडेल, वॅट तिशीला जातील, डबा तापेल. बिघडलं म्हणून बंद करू नका.

गूगल फोटोजमधून आणायचे असतील तर टेकआउटनं, म्हणजे गूगलच्या आपला डेटा उतरवून घ्यायच्या सोयीनं, मागवा. तिथून आलेल्या फोटोंच्या तारखा, वर्णनं वेगळ्या फाईलींत असतात. इमिच-गो हे साधन ती जोडून देतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंत काढल्याची तारीख आत नसते, पण फाईलच्या नावात आल्याची तारीख असते, तिच्यावरून निदान दिवस लावता येतो. मोबाईलवरच्या अ‍ॅपला बॅटरी बचतीतून वगळायला विसरू नका. नाहीतर आईच्या फोनमधले फोटो येतच नाहीत, आणि ती म्हणते तुझा डबा चालत नाही.

कागदपत्रांसाठी सांबा पुरेसं आहे, त्यानं डब्यातलं फोल्डर घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर दिसतं. सिनेमांसाठी जेलीफिन, ते नेटवर्कवरून टीव्हीला सिनेमे पुरवतं, पण ते महिन्याभरानं, फोटो पक्के झाल्यावर लावा.

बाहेरून बघायचं तर लोक पहिल्यांदा राउटरमध्ये पोर्ट उघडायला जातात. बऱ्याच घरगुती फायबर जोडण्यांना स्वतःचा पब्लिक आयपी नसतो, अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही त्याच चाळीत आहात, पोर्ट उघडून उपयोग नाही. आणि उपयोग असता तरी मी सांगेन, उघडू नका. टेलस्केल बसवा, ते आपल्या यंत्रांचं एक खासगी जाळं करतं. डबा, फोन आणि लॅपटॉप एकाच खात्यानं जोडले की जणू सगळे एकाच घरात. घरगुती वापराला ते फुकट आहे. आईच्या फोनवर ते लावायला मला पाच मिनिटं लागली, आणि हे चावीचं चित्र कशाला दिसतंय ते समजवायला आठवडा.

दुसरी प्रत, नदीच्या पल्याड

एका डिस्कवर फोटो टाकून मोबाईलमधले पुसलेत तर तुम्ही बॅकअप केलेला नाही, फोटोंचं घर बदललंय. दोन डिस्का जोडून रेड केलं, म्हणजे तेच एकाच वेळी दोन्हींवर लिहिलं, तरी तेच. एक डिस्क मेली तर रेड वाचवतं, पण चुकून पुसलेला फोटो दोन्हीकडून पुसला जातो आणि पाणी दोन्ही डिस्कांना एकाच वेळी लागतं. प्रती तीन, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर, हा जुना नियम सांगलीकरांना कुणी शिकवायची गरज नाही.

माझी ताई साताऱ्यात राहते, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. कृष्णा तिच्या दारात यायची शक्यता नाही. तिच्याकडे बिजागरी मोडलेला एक जुना लॅपटॉप होता. ताई म्हणाली, "ने भंगारात घालायला." मी म्हटलं, "नेत नाही, तुझ्याकडेच ठेवतो, फक्त चालू." त्यावरही डेबियन, त्यावरही टेलस्केल, आणि दोन टीबीची दुसरी डिस्क. झाकण बंद केल्यावर झोपू नये अशी सेटिंग केली.

बॅकअपसाठी रेस्टिक हे साधन. ते फक्त बदललेलं पाठवतं, आणि सगळं कुलूपबंद करून पाठवतं, त्यामुळे ताईच्या घरातून डिस्क कुणी उचलून नेली तरी आतलं दिसत नाही. त्याचा पासवर्ड हरवला तर तुम्हालाही दिसत नाही. तो कागदावर लिहून एक प्रत ताईच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवली आहे. सर्व्हरच्या डब्यातच बॅकअपची किल्ली ठेवून तो डबा बुडवण्यात अर्थ नाही.

पहिली प्रत नेटवरून पाठवायच्या भानगडीत पडू नका. आमच्याकडे ४०० जीबी होते. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर न थांबता जवळपास ८९ तास लागतात. मी दुसरी डिस्क आधी सांगलीतच डब्याला जोडून तासा-दीड तासात भरली, भडंगाच्या पुड्यांबरोबर पिशवीत घातली आणि एसटीनं साताऱ्याला नेली. एवढा वेग आमच्या नेटला कधी जमला नाही. त्यानंतर रोजचा फरक काही एमबींचाच असतो.

वेळापत्रक असं. इमिच रोज रात्री २ वाजता आपल्या डेटाबेसची प्रत आपोआप काढून ठेवतं. माझं रेस्टिक ३ ला सुरू होतं, म्हणजे ती प्रतही त्यात जाते. नुसते फोटो नेले आणि डेटाबेस राहिला तर कोण कोणाच्या लग्नात होतं, ती सगळी मेहनत जाते. साताऱ्याचा लॅपटॉप २ वाजून ५० मिनिटांनी स्वतः जागा होतो आणि ५ ला झोपतो, आरटीसीवेक नावाच्या साधनानं. ताईला महिन्याला साधारण युनिटभरच खर्च. जुन्या प्रतींपैकी ७ रोजच्या, ४ आठवड्यांच्या, १२ महिन्यांच्या ठेवतो.

आणि परत काढून बघा. दर दोन महिन्यांनी मी साताऱ्याहून एक फोल्डर रिकाम्या जागी उतरवतो आणि पाच-सहा फोटो उघडतो. पहिल्याच वेळी कळलं की कागदपत्रांचं फोल्डर मी यादीत घातलंच नव्हतं. चार महिने रोज ‘यशस्वी’ असा निरोप येत होता.

शेवटचे वॅट

सगळं स्थिर झाल्यावर पॉवरटॉप हे वीज मोजणारं साधन चालवा. डब्याला कोण झोपू देत नाही ते दाखवतं आणि त्याच्या ‘ऑटो-ट्यून’नं डबा खोल झोपेत जाऊ शकतो. माझा ११ वॅटवरून साडेआठवर आला. यूएसबी डिस्कला मात्र त्या झोपेतून वगळा, काही डिस्का जागं होताना अडखळतात. न लागणारं वायफाय आणि ब्लूटूथ बायॉसमधून बंद करा. टीव्हीची केबल काढून टाका. यापुढे अर्ध्या-अर्ध्या वॅटच्या मागे लागायचं तर छंद म्हणून लागा. अर्धा वॅट म्हणजे वर्षाला साडेचार युनिट. एका रात्रीच्या एसीत तेवढे जातात.

पावसाळ्याची एक चिठ्ठी फळीच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे, मी नसताना आईला उपयोगी पडावी म्हणून. पूल ३५ फुटांच्या वर दाखवायला लागला आणि कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की : फोनवरून बंदचं बटण. दिवा विझला की प्लग काढ. बाहेरची डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पर्समध्ये. यूपीएस जड आहे, उचलू नकोस. डबाही राहू दे.